मामाने नापास केलेल्या बॅगा

तीर्थस्वरूप मामीस,

साष्टांग नमस्कार. (खरोखरच साष्टांग आहे. रविवार संध्याकाळ आहे, मी पलंगावर पालथी पडून लिहिते आहे आणि आठही अंगं दुखताहेत.) विनंती विशेष. तुम्ही सगळे खुशाल असाल अशी आशा करते. ताईचं बाळ आता तिला झोपू देतं का? नाक मामावर गेलंय असं मामाचं म्हणणं आहे, पण ते त्याने फोटो उलटा धरून ठरवलंय, तेव्हा तू स्वतः नीट बघून कळव. तुझे गुडघे कसे आहेत? माझे गेले. कसे गेले, तेच लिहायला बसले आहे, म्हणजे पडले आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा फोन आला की मामा माझ्याजवळ येऊन उभा राहतो आणि "मी बरा आहे म्हणून सांग" असं तीनदा म्हणतो. आणि सांगायचं आहे ते नेमकं त्याच्याचबद्दल. तू ताईच्या बाळंतपणाला निघालीस तेव्हा दारात चप्पल घालता घालता माझ्या कानाशी लागून म्हणाली होतीस, "नुसता बसून असतो गं. काहीतरी निमित्त काढ आणि रविवारचं बाहेर ने. कळू मात्र देऊ नकोस." ऑफिस जवळ पडतं म्हणून तुमच्या घरी राहते, दोन वेळा आयतं खाते, नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? हो म्हटलं. त्या एका 'हो'ची शिक्षा गेले सहा रविवार भोगते आहे.

मामाचं काय बिनसलं ते तुला माहीत आहेच, तरी लिहिते, कारण लिहिताना निदान मध्ये कुणी बोलत नाही. एकतीस वर्षं माणूस चेनच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलाशी उभा. गठ्ठ्यातली एक चेन उचलायची, दोनशे वेळा उघडायची, दोनशे वेळा लावायची, अडली की लाल शिक्का : नापास. (तिथे त्याला 'नापासराव' म्हणायचे आणि तो ते कौतुकाने सांगायचा.) निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषण करून त्याला सुटकेस दिली. मामाने ती स्टेजवरच उघडली, लावली, पुन्हा उघडली, आणि त्याचा चेहरा पडला. चेन दुसऱ्याच कुठल्यातरी कारखान्याची होती. स्वतःच्या माणसाला द्यायच्या सुटकेसला स्वतःची चेन असावी, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यानंतर तीन महिने तो गॅलरीतल्या खुर्चीत बसून होता. जेवताना "भाजी बरी झालीय" एवढं म्हणायचा, तेही ताटात भाजी नसताना. तू डोळ्यांना पदर लावायचीस.

आता माझ्या बॅगेकडे येते. (कंपन्यांना सल्ला द्यायचं माझं काम तुला एकदा समजावलं होतं तेव्हा तू म्हणालीस, "म्हणजे दुसऱ्यांच्या धंद्यात नाक खुपसायचं." आमच्या साहेबांनाही इतकं नेमकं सांगता येत नाही.) कॉलेजची सॅक तळातून उसवली, तेव्हापासून मी लॅपटॉप आणि कागद बुटांच्या दुकानाच्या कागदी पिशवीतून नेत होते. पिशवी मजबूत, फक्त तिच्यावर हातभर अक्षरांत 'पायांची काळजी, आमची जबाबदारी' असं छापलेलं. ती घेऊन एका मोठ्या कंपनीत गेले, तर दारावरच्या माणसाने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि "डिलिव्हरी मागच्या दाराने" म्हणून पाठवून दिलं. तिथे खोक्यांच्या रांगेत मी वीस मिनिटं उभी. एका खोकेवाल्याने माझ्या हातात पावती दिली, मी सही केली. वर आमच्या ऑफिसच्या मॅडम माझी वाट बघून लाल. बाहेर पडल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या महिन्यातली मीटिंग तू एकटीने घ्यायची आहेस. त्याआधी एक धड बॅग घे." जेवताना मी हे रडत रडत सांगितलं, आणि मामी, तीन महिन्यांत पहिल्यांदा मामा आपणहून बोलला. म्हणाला, "चेन बघून घे."

मला वाटलं, मिळालं निमित्त! स्वतःच्या हाताने पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा ते माझ्याकडून शिकावं.

पहिल्या रविवारी नऊच्या ठोक्याला मामा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दाराशी हजर. पहिल्याच दुकानाच्या काचेत एक तपकिरी बॅग होती. काय सांगू तुला! खांद्याला पट्टा, लॅपटॉपचा कप्पा, आत कागदांना वेगळी जागा, आणि बघणाऱ्याला वाटावं की ह्या मुलीला पुढच्या दाराने आत घ्यायला हवं. एकच शिल्लक होती. मी ती खांद्याला लावून आरशासमोर उभी राहिले तोच मामाने काढून घेतली आणि चेन मोजायला लागला. एक, दोन, तीन. दुकानदार आधी हसला. पन्नासला त्याने हसणं थांबवलं. शंभरला दुसरी गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून भोवती जमली. एकशे चाळीसला आतल्या कप्प्याची चेन दुसऱ्या वळणावर किंचित अडली (मला दिसलंही नाही), आणि मामा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "नापास." जमलेल्यांतल्या दोन बायका आपापल्या हातातल्या पर्स खाली ठेवून निघून गेल्या.

मग लागलीच रांग. काळी बॅग : चेन पास, पट्ट्याची कडी नापास. राखाडी सॅक : विकणाऱ्या मुलीने गॅरंटी आहे म्हणून सांगितलं, तर मामा म्हणाला, "बाळ, गॅरंटी कागदाला असते, दात चेनला असतात," आणि तिला अर्धा तास दात दाखवत बसला. एका ठिकाणी चेनच नसलेली, चुंबकाने बंद होणारी बॅग निघाली. मामाने ती उघडली, मिटली, माझ्याकडे बघितलं, आणि मेलेल्या माणसाच्या घरातून निघावं तसा बाहेर पडला. तिसऱ्या रविवारी एका दुकानदाराने आम्हाला लांबून येताना बघून शटर अर्धं ओढलं. चौथ्या रविवारी मात्र एक वयस्कर दुकानदार भेटला, त्याने मामाला खुर्ची दिली, चहा मागवला आणि "जरा माझा नवा माल बघता का?" म्हणाला. मामाने चौदातल्या अकरा नापास केल्या. दुकानदाराचा चहा गार झाला आणि मामा घरी येईपर्यंत शीळ घालत होता.

मी मात्र पार दमले गं. आठवडाभर ऑफिसात डोकं पिळून निघतं आणि रविवार हा एकच दिवस आपला. पूर्वी मी दुपारी तीनपर्यंत पडून छताकडे बघायचे, केस विंचरायचे नाहीत, जेवलं काय न जेवलं काय. काय सुखाचे दिवस होते! आता नऊला दारावर टकटक. बरं, मामाची चाल बघावी तर मुंगीची. एकतीस वर्षं उभं राहून काम केलेला माणूस, पण दर दोन दुकानांनंतर ह्याचे पाय दुखतात. मग बागेतल्या बाकावर बसायचं, मग "तू काहीतरी खा, म्हणजे मला बसायला निमित्त" असं म्हणून मला खायला घालायचं, मग ऑफिसात आठवडाभर काय काय झालं ते मी सांगायचं. दुसऱ्या रविवारी तर त्या पहिल्या दुकानावरून जाताना काचेत बघत तो मिनिटभर थांबला आणि पुढे चालायला लागला. मला वाटलं, पायात गोळा आला.

तर सांगायचं ते हे, की मामा आता जेवतो, बोलतो, शेजाऱ्यांच्या दप्तरांच्या चेनही दुरुस्त करून देतो. मीटिंग गेल्या बुधवारी झाली, बरी झाली, मॅडम चक्क हसल्या. आणि बॅग सहा रविवारांनंतरही मिळालेली नाही. तू लवकर ये आणि ह्या माणसाच्या तावडीतून मला सोडव. बाळाला पापा, ताईला आठवण, तुला पुन्हा नमस्कार (उठता येत नाही, तोच चालवून घे).

तुझी थकलेली भाची,
बबडी

ता. क. : खोटं लिहून पत्र टाकवत नाही. बॅग मिळालेली आहे. तीच तपकिरी. पहिल्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर धावत जाऊन घेतली. ती ऑफिसच्या खालच्या खणात राहते, आणि रोज संध्याकाळी सगळं पुन्हा बुटांच्या पिशवीत भरून मी घरी येते. मीटिंगला मी पुढच्या दाराने गेले. पण हे मामाला कळलं तर रविवारचा इस्त्रीचा शर्ट पुन्हा कपाटात जाईल, आणि ते मला बघवणार नाही.

ता. क. दुसरा : खरं काम आता सांगते. पुढच्या महिन्यापासून ऑफिस मला तीन महिने दुसऱ्या शाखेत पाठवतंय. तेव्हा तू मामाला फोन करून बाळाच्या सामानासाठी एक बॅग बघायला सांग. अशी सांग, की कुठल्याच दुकानात सापडू नये. दुधाच्या बाटलीला कप्पा, ओल्या लंगोटांना वेगळा कप्पा, आणि चेन कमीत कमी सात. उपकार होतील.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवायला खळ शोधत होते, तर बुटांच्या पिशवीच्या तळाशी एक पुडी सापडली. आत मेणबत्तीचा तुकडा. पुडीच्या कागदावर मामाचं अक्षर : "तपकिरी. आतला कप्पा, दुसरं वळण. मेण घास, मग अडणार नाही. ऑफिसातच ठेव." कागद उलटा केला, तर तो तू जाताना मामासाठी लिहून ठेवलेल्या यादीचा अर्धा भाग निघाला. गॅस बंद कर, पाण्याचा नळ बघ, औषध घे, आणि त्याखाली तुझ्याच अक्षरात : "पोरगी ऑफिसातून येते आणि नुसती पडून असते. काहीतरी निमित्त काढ आणि रविवारचं बाहेर ने. कळू मात्र देऊ नकोस."

मामी! अगं, निदान शब्द तरी बदलायचेस!

वरची बॅगेची विनंती कायम समज. फक्त निघायच्या आधी माझे अजून तीन रविवार बाकी आहेत. मी पावणेनऊलाच तयार होऊन बसणार आहे.