न उपसलेलं पाणी

९ नोव्हेंबर
वडवणीजवळच्या या वस्तीवर आजपासून आपला मुक्काम. लिंबाखाली पान्हा घेऊन बसायचो, तिथून विहिरीवरच्या मोटारी दुरुस्तीचं स्वतःचं दुकान झालं. आता वडवणीत हे दुसरं. घर ऐसपैस, पण अंधारं. बरंच झालं. माझ्या काचेच्या टाकीतल्या पाणझाडांना ऊन लागतच नाही. अनुबियास आणि जावा फर्न, दोन्ही माझ्यासारखी चिवट. दोऱ्यानं दगडाला बांधायची. खोड वाळूत पुरलं की कुजतं. मासे ठेवत नाही, मेलेला मासा बघवत नाही. बायको गेल्यापासून घरात हिरवं म्हणून एवढंच.
टँकरच्या पाण्याला औषधाचा वास. मागच्या आडावर पत्रा होता, तो सरकवला. खाली आरशासारखं पाणी! टाकी काठोकाठ भरली.

१६ नोव्हेंबर
वस्ती ऊसतोडीला निघाली. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर, वर भांडीकुंडी, पोरं, कोंबड्या. मागं राहिल्या शेजारच्या कडूबाई आणि त्यांच्या शेळ्या. दुपारी पान गळालं तरी ऐकू येतं. रोहिणीला, माझ्या लेकीला, पुण्याला फोन लावला. कामात आहे म्हणाली.
झाडांनी मात्र कमाल केली. अनुबियास महिन्याला एखादं पान देतो; इथं रोज नवं.

२१ नोव्हेंबर
माझे कान तिखट. मोटार जळायच्या आधी मला कळतं. आज टाकीतल्या हवेच्या पंपाच्या बुडबुड्यांत बाईमाणसाचा आवाज आला. पंप बंद केला. आवाज राहिला.
“कोन हाय?”
हसलो, आणि खुर्ची ओढून सांगत बसलो. दुकान, बायको, रोहिणी. इतकं मी कैक महिन्यांत कुणाशी बोललो नव्हतो.

२५ नोव्हेंबर
घसा बसलाय. कडूबाई काढा घेऊन आल्या, टाकी पाहून उंबऱ्यातच थांबल्या. पाणी कुठलं, विचारलं. मग सांगितलं : या घरची सून, सत्यशीला. सगळे उसाला गेले, तिला घर राखायला एकटीला ठेवलं. आडात सापडली. माणूस बुडालं की आड पुरता उपसायचा, मगच पाणी वापरायचं, ही रीत. पण ते साल दुष्काळाचं. एवढं पाणी फेकायला कुणाचा हात धजला नाही. पत्रा टाकून दिला.
“मिस्तरी, बोललात का तुमी तिच्यासंगं?”
नाही म्हणालो.
“बरं केलं. लई एकटी हाय ती. माणूस मागती.”

२७ नोव्हेंबर
टाकीतला आवाज आता बाईचा नाही. माझा आहे. माझ्याच लाडाच्या सुरात : “रोहिणी, ये गं.” आणि माझ्या घशातून नुसता वारा —
टाकी नेऊन आडात उपडी केली. झाडंसुद्धा. मुळं बोटांना गुंडाळून बसली होती, सोडवावी लागली. पत्रा ओढला. वर दगड.

२८ नोव्हेंबर, सकाळ
रोहिणीचा फोन. बाबा, सकाळी किती मायेनं बोललात, म्हणाली. रजा टाकली, निघालेच.
मी फोन केलाच नव्हता.
नको म्हणायला तोंड उघडलं. काही नाही. रेंज नसेल म्हणून तिनं ठेवून दिला. ‘येऊ नको’ असं लिहून पाठवलं. उत्तर आलं : मघाशी बोलावलंत, आता रुसता काय!

दुपार
फाटकात उभा आहे. ती आली की हेच पान तिच्या हातात —
रोहिणी, मला बोलता येत नाही. मागून माझा आवाज आला तरी जाऊ नको. तो मी नाही. आल्या गाडीनं परत —

पत्रा वाजला.
दगड गडगडला.

माझा आवाज. “इकडं मागं ये गं.”

फाटकात कुणी नाही. रस्ता मोकळा. आणि तिच्या चपलेचा आवाज — घरामागं — शेताच्या वाटेनं आली की काय —

“आले, बाबा” —

रोहि