एकाच भावाची पाटी

लातूर, ३ सप्टेंबर

प्रिय बुशरा,

तुझ्या अब्बांनी जाण्याआधी दुकानाची पाटी का उतरवली आणि ती गेली कुठे, हे तू काल फोनवर विचारलंस. मी माहीत नाही म्हणाले. ते खोटं होतं, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे.

माझी नोकरी तुला वरवर ठाऊक आहे. क्लासेसच्या गल्लीतलं पुस्तकांचं मोठं दुकान मी सांभाळते. याच कंपनीचं ऑनलाइन दुकानही आहे. तेच पुस्तक, तेच गोदाम, पण तिथे तीस टक्के कमी. आम्हाला हुकूम असा की गिऱ्हाइकाने मोबाइलवर तो भाव दाखवला तर मुकाट्याने त्याच भावाने द्यायचं. नाही दाखवला तर छापील किंमत घ्यायची आणि आपण होऊन बोलायचं नाही. रेणापूरहून मुलीला सोडायला आलेला, साधा फोनवाला बाप पूर्ण पैसे देतो आणि वर आभार मानतो. सहा वर्षं मी हे बघते आहे. काउंटरवरच्या नीलम्माने एकाला खरं सांगितलं, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर झापलं होतं.

त्र्याण्णवचा भूकंप आठवतो? मी बी.ए. होऊन नांदेडला तुमच्या दुकानात कामाला होते आणि औशाकडचं आमचं घर पडल्याचा निरोप आला. ताडपत्रीचा भाव दोन दिवसांत दुप्पट झाला होता. चाचांनी, म्हणजे तुझ्या अब्बांनी, मला जुन्याच भावाने दिली, पैसे मात्र पूर्ण घेतले. शेजारचे दुकानदार त्यांना वेड्यात काढत होते. चाचा म्हणाले, “भाव एकच हाय. रडत आलेल्याला निराळा न् हसत आलेल्याला निराळा, ते आपल्याला जमत न्हाई.” त्याच आठवड्यात त्यांनी पत्र्यावर ‘एकच भाव’ रंगवून घेतलं, वर मराठीत, खाली उर्दूत. नंतरची दोन वर्षं मी त्या पाटीखाली बसून बिलं लिहिली.

जूनमध्ये ते क्लाससाठी इथे आलेल्या तुझ्या जिक्राला घेऊन पुस्तकांसाठी माझ्याकडे आले. मी खुर्ची दिली, चहा मागवला. जिक्रा किंमत बघायला लागली तर तिला म्हणाले, हिच्या दुकानात भाव विचारायचा नसतो, आपल्याकडं शिकलेली हाय. सगळे हसले. मी छापील किमतीचं बिल केलं. ओळखीच्यांना सवलत नाही, ही शिस्त त्यांचीच, असं मी मनाला समजावलं.

तासाभराने दोघं परत आले. होस्टेलवर कोणीतरी जिक्राला ऑनलाइन भाव दाखवला होता. चौदाशे ऐंशीचा फरक. नीलम्मा माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, “बिल झालं. आता बदलत नाही.” जिक्रा भांडायला निघाली, तर चाचांनी तिचा हात धरला आणि माझीच माफी मागितली. पोर लहान हाय, म्हणाले. जिक्राने तुला सांगितलं नाही म्हणून तिला दोष देऊ नकोस. घरी बोलायचं नाही असं त्यांनीच तिला बजावलं होतं.

आठ दिवसांनी एसटीच्या पार्सलने पाटी आली. चिठ्ठी नव्हती. मी ती कपाटामागे सारली. फोन करायचा होता, केला नाही. मग ऑगस्टमध्ये तुझाच फोन आला, ते गेल्याचा.

मातीहून परतल्यावर मी काउंटरवर कागद लावला: ऑनलाइन भाव विचारून घ्यावा. दुसऱ्या दिवशी वरून फोन आला आणि मी तो काढला. मला नोकरी हवी आहे. तेव्हा ही पाटी माझ्याकडे राहू शकत नाही. तुमच्या दुकानावर लाव किंवा नको लावूस, पण ती का उतरली हे तुला माहीत असलं पाहिजे.

तुझी म्हणवून घ्यावं का, हे तूच ठरव,
धुरपता

माझ्या वहीतली नोंद. आज संध्याकाळी जिक्राच्या हाती दिलं: पत्र्याची पाटी एक, डावा कोपरा गंजलेला. बुशराला लिहिलेलं पत्र. फरकाचे चौदाशे ऐंशी रुपये पाकिटात घालून दिले होते. पाटी आणि पत्र तिने घेतलं, पाकीट काउंटरवर ठेवून गेली.