चंद्रीला आधी

८ जानेवारी १९९६
मामंजींनी काष्टीच्या बाजारातून आणखी चार जर्सी आणल्या! गोठा सहा गायींचा, आता झाल्या दहा. मामंजी खूश — "भरला गोठा शोभतो, सूनबाई. पाव्हण्यांनी बघत ऱ्हावं." शोभेल हो, पण गायींनी बसायचं कुठं?

१३ जानेवारी
दुपारी मोजलं. चार बसलेल्या, सहा उभ्या. नव्यातली एक दांडगी आहे, तिला मी मनात 'पाटलीण' म्हणते. गव्हाणीत वैरण पडली की ही शेजारी बांधलेल्या चंद्रीला ढुशी देते. चंद्री सात महिन्यांची गाभण. मुकाट मागे सरते, सगळ्यांचं झालं की उरल्यासुरल्या काड्या चघळते. लई राग आला! पाटलिणीचा आणि चंद्रीचाही.

१४ जानेवारी
अकरा माणसांचं उरकून जेवायला बसले, तर टोपात कालवणच नाही. चटणी-भाकरी.

१९ जानेवारी
दूध घटलं. आत्याबाई — सासूच त्या — म्हणतात, नजर लागली! गोठ्याला मिरच्या टांगल्या. मला हसू फुटलं, त्यावरून बोलणी खाल्ली. कसली नजर? गाय टेकली तर रवंथ करील, रवंथ केला तर दूध देईल. चंद्रीचे तर पाय सुजलेत.
ठरलं. चार गायी बाहेर, लिंबाखाली. ह्यांना सांगितलं. "आबांना विचार." विचारते की!

२० जानेवारी
मामंजींना विचारलं. "गाय दाव्यालाच बरी. तुझं शहानपन चुलीपाशी ठिव." — नाही ठेवणार!

२४ जानेवारी
मामंजी लग्नाला श्रीगोंद्याला, दोन दिवस. शेजारच्या गोजरबाईला हाताशी धरलं. लिंबाभोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घातलं. हातांची चाळण झाली. पाटलीण आणि तिघी नव्या तिकडे मोकळ्या सोडल्या.
वैरण टाकायला लागले, तर आत्याबाई ओट्यावरून ओरडल्या — "आगं, गाभनीला मागनं घालत्यात व्हय? चंद्रीला आधी घाल!"
घातली. पोटभर खाऊन चंद्री खाली बसली. किती दिवसांनी! मी तिथंच उभी राहून रडले.

२ फेब्रुवारी
दूध वाढलं. मामंजी पाव्हण्यांना लिंबाखालचं कुंपण दाखवतात — "आमी केलंय." म्हणे! हातांची चाळण माझी झाली.

३ फेब्रुवारी
आज पहिल्या पंगतीला पाट घेऊन बसले. सगळे बघायलाच लागले. म्हटलं, "आत्याबाई, मला तिसरा महिना आहे. गेल्या साली एक गेलं. हे जाऊ देणार नाही."
त्यांनी तव्यावरची भाकरी उचलली, माझ्या ताटात टाकली.