तुझ्या दारातला मेक्सिकोचा बँड

ताडकळस,
रविवार

प्रिय दादा,

'प्रिय' लिहायचं म्हणून लिहिलंय. पत्राची सुरुवात अशीच करायची असते हे तूच शिकवलंस, मी पाचवीत असताना, पाठीत धपाटा घालून. याच्यापुढं मात्र माझ्याकडून गोडव्याची आशा ठेवू नको.

तुझा मेसेज मिळाला. सख्ख्या पुतणीच्या लग्नाला आला नाहीस, नांदेडचे पाहुणे तुझा धाकटा भाऊ कुठंय म्हणून विचारायले होते, माझी मान खाली गेली, आजपासून आपला संबंध संपला. चार ओळींत मला मोकळं केलंस. फोन करून उत्तर देता आलं असतं, पण फोनवर तू सिद्धोधन सर होतोस, रिटायर हेडमास्तर, आणि मी नववी नापास. कागदावर तुला मला मधेच तोडता येत न्हाई. म्हणून सविस्तर लिहायलोय.

तू निमंत्रण द्यायला इकडं आला होतास ते आधी आठव. भाकरी खाल्लीस, आईच्या फोटोला हात जोडलेस, माझ्या बायकोला, सुलाबाईला, बरी हाईस का म्हणून विचारलंस. आणि चपला घालता घालता म्हणालास, बालाजी, लग्नाला ये, पण ट्रंपेट आणू नको. पुण्याच्या इव्हेंटवाल्याकडून मेक्सिकोचा बँड ठरवलाय, सात माणसं, सगळी पितळी वाद्यं, सुपाएवढ्या टोप्या, परभणी जिल्ह्यात अजून कुणी आणला नसंल. आणि पाहुण्यांनी विचारलं तर शेती करतो म्हणून सांग. तू हे इतक्या सहज बोललास की मी बरं म्हणून गेलो. तुझी गाडी वळणाच्या पुढं गेल्यावर मला राग आला. माझा राग असाच हाय. येतो उशिरा, पण मुक्कामाला राहतो.

शेती म्हणं. दीड एकर हाय, ती बी सुलाबाई बघती. मी तीस-बत्तीस वर्षं बँड वाजवलाय, पूर्णेपासून मानवतपर्यंत लोक मला बालाजी मास्तर म्हणून ओळखतात. ओळखत न्हाईस तो तू एकटा.

तुझं तत्त्व मला माहीत न्हाई असं न्हाई. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आज्यानं गावाची हलगी सोडली. पुन्हा कुणाच्या दारात वाजवायला गेला न्हाई, त्यापायी मार खाल्ला. दर जयंतीला तू स्टेजवरून ते सांगतोस, आणि त्याच स्टेजखाली मी ट्रंपेट घेऊन उभा असतो. आज्यानं सोडली ती हुकमाची हलगी होती, दादा. मी सुपारी घेऊन वाजवतो. माणूस पटला न्हाई तर सुपारी परत करतो. हा फरक तुला कळत न्हाई असं मी म्हणणार न्हाई, तू शिकलेला हाईस. तो चार माणसांत सांगायची तुला लाज वाटती, एवढंच. आणि वाजवणं जर हलकं, तर सातासमुद्रापलीकडची माणसं आणून आपल्या दारात वाजवायला लावणं भारी कसं, हे मला एकदा फळ्यावर लिहून समजावून सांग.

तुझ्या लेकीला, संघप्रियाला, तर तू विचारलंच न्हाईस. ती पाच-सहा वर्षांची असताना उन्हाळ्यात इथं यायची, माझं ट्रंपेट मांडीवर घेऊन गाल फुगवून बसायची. आमच्या बँडची रीत तिला तेव्हापासून पाठ हाय. बोळवणीच्या वेळी सगळी वाद्यं थांबतात आणि मास्तर एकटा वाजवतो. नवरी वेणीतलं एक फूल काढून ट्रंपेटच्या तोंडात टाकती, तिथं मास्तरानं थांबायचं. मग नवरीनं रडायचं न्हाई, सरळ गाडीत बसायचं. ही रीत माझ्या उस्तादानं पाडली, ताडकळसच्या बँडाबाहेर कुणी करत न्हाई. काका, माझ्या लग्नात तूच वाजवायचं, असं त्या लेकरानं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. हे मी तुला फोनवर सांगितलं, तर तू हसलास. लहानपणीचं बोलणं असतं ते, म्हणालास.

लग्न मात्र झकास झालं. वंदना झाली, जेवणं झाली, कुणाचा रुसवाफुगवा न्हाई. टोपीवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि नांदेडचे साहेब लोक सुद्धा नाचले. तू बी नाचलास, दोन्ही हात वर करून, तुला नाचताना मी जन्मात बघितलं नव्हतं. त्यांना गार पाणी तू स्वतः दिलंस. पहिल्या पंगतीला तुझ्या व्याह्यांशेजारी बसवलंस, वाढणाऱ्याला हाक मारून जिलेबी वाढायला लावलीस. आमी बँडवाले मंडपाच्या मागं, सगळ्यांच्या शेवटी जेवतो. बँडवाल्याला पहिल्या पंगतीला बसवणारा यजमान मी एवढ्या वर्षांत एकच बघितला. आणि बोळवणीला संघप्रिया त्या टोपीवाल्यांपुढं येऊन उभी राहिली, वेणीतलं मोगऱ्याचं फूल काढलं आणि एकाच्या ट्रंपेटात टाकलं. व्याह्यांनी तुला विचारलं, हे काय. तू म्हणालास, मेक्सिकोची रीत असंल.

आता तुझ्या मेसेजचं उत्तर. लग्नाच्या सकाळी मी दाढी करून, पांढरा सदरा घालून घरात बसलो होतो, आणि जायचं न्हाई असं पक्कं केलं होतं. सुलाबाई म्हणाली, न जाणारा माणूस इस्त्रीचा सदरा घालतो का. तेवढ्यात तुझा इव्हेंटवाला गाडी घेऊन दारात आला. त्याच्या बँडातल्या एका ट्रंपेटवाल्यानं आदल्या दिवशी ठेचा लय आवडीनं खाल्ला होता आणि तो लॉजवर आडवा झाला होता. सात म्हणून कबूल केलेले, सहा कसे उभे करायचे. परभणीतल्या पोरांनी त्याला माझं नाव सांगितलं. मी तुझा कोण हे त्यानं विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. टोपी घातली, मिशी चिकटवली, त्यांच्या चाली कानानं उचलल्या. त्यांचा मास्तर आपल्यासारखाच सावळा माणूस हाय. मी खुणेनं बोळवण सांगितली, तर त्यानं बाकीच्यांना थांबवलं आणि मला पुढं केलं. तुझ्या लेकीनं दोन सुरांत ओळखलं. तू ओळखलं न्हाईस. टोपी मोठी होती, तोंडाचं मी समजू शकतो. पण माझं वाजवणं तू कान देऊन शेवटचं तुझ्या स्वतःच्या लग्नात ऐकलंस, हे मला तिथं उभं राहून कळलं, आणि त्याचं मला लय वाईट वाटलं. नंतर तू फोटो काढलास, डावीकडून तिसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून. तुझा हात माझ्या खांद्यावर किती वर्षांनी पडला, ते तुला बी आठवणार न्हाई. मी मिशी काढणार होतो, पण काढली असती तर तो हात उचलला गेला असता, म्हणून तसाच उभा राहिलो. तो फोटो तू मोठा करून बैठकीत लावलास असं संघप्रियानं सांगितलं. संबंध तोडायचा असंल तर तोड, पण लग्नाला आला न्हाई असं कारण लिहू नको. पाहुण्यांनी फोटोकडं बघून विचारलं तर सांग, सहा जण मेक्सिकोचे आणि तिसरा माझा भाऊ, ताडकळसला बँड वाजवतो. सांगता येत नसंल तर फोटो उतरवून ठेव. फूल माझ्याकडं हाय.

तुझाच,
डावीकडून तिसरा,
बालाजी