शेळ्या तोंड लावत नाहीत ते झाड

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, माळाच्या टोकाला राहणारा, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघे गेले, पण सहीला गुडघे लागत नाहीत.

१. घर मुलीचे. मागच्या खिडकीतून वाळू अजून येते, तिथे पोते लावावे.

२. पहार आणि दोन्ही कुदळी धाकट्या भावाला. तो शेळ्या राखतो. बत्तीस वर्षांपूर्वी वाळू घरांच्या अंगावर येऊ लागली, तेव्हा मी माळावर लावायला असे झाड निवडले की ज्याला शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणजे राखणीची कटकट नको. भाऊ म्हणाला, "दादा, माझी शेळी चपलासुद्धा चघळते. ती ज्याला शिवत नाही ते लावू नकोस." मी त्याला चारचौघांत अडाणी म्हणालो आणि कुंपण घालून त्याची वाट बंद केली. तेव्हापासून तो माझी पायरी चढलेला नाही. बरोबर तोच होता.

३. रोपे माझ्या पत्नीने जगवली, प्रत्येकाला दोन तांबे, आमच्याच विहिरीतून. वाळू थांबली, हे खरे. मग नऊ वर्षांपूर्वी विहीर आटली. गाळ काढायला ती दोराने उतरली, वर मी होतो. खालून ओरडली, "अहो, इथं मुळं आलीत! आपल्याच झाडांची, मनगटाएवढी!" मी म्हणालो, "तू गाळ काढ." थोड्या वेळाने कड ढासळली. ती काही न बोलता गेली, असे मी सगळ्यांना सांगितले. पुढच्याच वर्षी मला माळ हिरवा केल्याचे पदक मिळाले. ते भंगारात द्यावे.

४. मुलीच्या रोपवाटिकेत त्याच झाडाची बारा हजार रोपे आहेत. पाटीवर आईचे नाव आहे. उद्या सकाळी ट्रक ती सात गावांना नेणार. पोरी, एकही जाऊ देऊ नकोस. माळावरचीही काढ, पण एकदम नाही, नाहीतर वाळू सुटेल. एक ओळ काढलीस की तिथे गवत धरू दे, मग दुसरी. कुठले गवत, ते काकाला विचार.

५. हे मृत्युपत्र माझ्या मरणापर्यंत थांबवू नये. नऊ वर्षांत तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही. म्हणून साक्षीदार नर्सबाईंनी आजच ते मुलीला वाचून दाखवावे. मी आतल्या खोलीत जागा आहे. दाराला कडी लावलेली नाही. ती आली नाही, तर तिला बोलावू नये.

सही: मुलीचा बाप
साक्षीदार: १. नर्सबाई २. पोस्टमन (वाचून खाली बसले, मग सही केली)
स्थळ: राहते घर
दिनांक: ११ मार्च, दुपारी चार