पिवळी दोरी

मखमलाबाद रस्ता, नाशिक
११ फेब्रुवारी २००८

प्रिय अथर्व,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन हॉलमध्ये आणि हॉलमध्ये तुझे बाबा. शिवाय मी चिडले की माझा आवाज चढतो आणि तू “आई, नंतर बोलू” म्हणून ठेवून देतोस. पत्रात तशी सोय नाही, म्हणून पत्र.

आधी बातमी. आपला ट्रक चालू झाला. हो, तोच, जांभळाखाली ताडपत्री पांघरून उभा असलेला. लहानपणी तू त्याला ट्रक म्हणायचास म्हणून तो आपल्या घरात ट्रकच राहिला. एरवी मागे उघडा हौदा असलेली ती जपानी गाडी. निवृत्तीनंतर बाबांना अंगण मोकळं करायची हौस आली आणि ते भंगारवाल्याला बोलावून आले. मी म्हटलं, भंगारात द्यायचाच आहे तर द्या, पण एकदा कुणा जाणत्याला दाखवू. का म्हटलं देव जाणे. दर दसऱ्याला त्याला झेंडूची माळ घालून, नारळ वाढवून इंजिन सुरू करतो आपण. इंजिन लगेच सुरू होतं. जागचं हलायचं तेवढं विसरलंय. मेलेल्या गाडीची पूजा करणारं घर आख्ख्या नाशकात आपलं एकच असेल.

तुला ते जुने दिवस आठवतात का, मला ठाऊक नाही. धरणाच्या कामावरचे परदेशी साहेब परत गेले तेव्हा त्यांच्या गाड्या लिलावात निघाल्या आणि ओझरच्या मित्रांबरोबर हौसेने जाऊन बाबांनी ही आणली. घरी आल्यावर कळलं की हिला क्लचचं पेडलच नाही, गिअर आपोआप बदलतात. बाबांचा डावा पाय सारखा क्लच शोधायचा आणि गाडी गचकन थांबायची. चार दिवसांत म्हणाले, ही बायकांची गाडी आहे. मी म्हटलं, मग बाईला द्या. पहिला आठवडा मीही दोन्ही पाय वापरले, एक ब्रेकवर आणि एक अ‍ॅक्सिलरेटरवर. मग डावा पाय मांडी घातल्यासारखा आत ओढून घ्यायला शिकले, आणि शिकले ते शिकले.

तेव्हा आपल्या नर्सरीची कलमं थेट हरसूलपर्यंत जायची. पावसाळ्यात त्या डोंगरातल्या वाटा म्हणजे नुसता राडा. लहान दांडा पुढे ढकलला की चारी चाकं ओढायला लागायची आणि हौदाभर केशर आंबा घेऊन मी वर चढायचे. फुलाबाई बांधावर उभी राहून ओरडायची, “बाई आली गं, गाडीवाली बाई आली!” तुला हसू येईल, पण मला लतिका या नावापेक्षा ते नाव जास्त आवडायचं. माझ्या हातची झाडं माझ्याच हाताने पोचवायची, त्यांच्या ओट्यावर बसून नागलीची भाकरी खायची, उतरणीला गाडी पहिल्या गिअरला टाकून सावकाश यायचं. मी त्या तीन वर्षांइतकी खूश पुढे कधी नव्हते. हे तुझ्या बाबांना माहीत होतं. माहीत होतं, हे लक्षात ठेव.

मग तो श्रावण. पाहुण्यांना घेऊन बाबा सोमवारी त्र्यंबकला गेले, ट्रकनेच. मी पंचवटीत आजीकडे होते. मंगळवारी सकाळी परत आले, कलमं भरली, तर पुढच्या हुकाला एक पिवळी नायलॉनची दोरी बांधलेली. चांगली अंगठ्याएवढी जाड. म्हटलं ही कसली? बाबा दाढी करत होते, म्हणाले, सामान बांधायला घेतली होती. मी गाठ सोडली, दोरी परसात टाकली आणि निघाले.

गाडी निघतानाच कुरकुरत होती. पंचवटीच्या भाजीबाजारापाशी तिने मान टाकली. इंजिन नुसतं बोंबलतंय आणि चाकं ढिम्म. मागे हातगाड्या, रिक्षा, स्कूटरवाले, सगळे हॉर्न वाजवतायत आणि मी भर गर्दीत दांडा पुढेमागे करतेय. निरोप मिळाल्यावर बाबा स्कूटरवरून आले, कुठून तरी एक मिस्त्री आणला. त्याने तेल मोजायची पट्टी ओढून तेलाचा वास घेतला, मलाही दिला. करपलेलं होतं. काळंकुट्ट. त्याने विचारलं, कोण चालवतं? मग माझ्या पायांकडे बघितलं. दोन्ही पाय वापरता का ताई? मी खरं तेच सांगितलं, की सुरुवातीला वापरत होते. झालं. ब्रेक दाबून रेस दिली, गिअरबॉक्स जाळला, असा निकाल तिथेच लागला. मी कलमं रिक्षात चढवायला गेले आणि मागून बाबांचा आवाज ऐकला, बायकांच्या हाती गाडी दिली की असंच. लोक हसले. भाजीवालीसुद्धा हसली.

पुढचं तुला पाठ आहे. किती दसरे झाले, किती मुंजी, किती डोहाळजेवणं. कुणी गाडीचा विषय काढायचा अवकाश की बाबा तो किस्सा सांगणार. डाव्या पायाची नक्कल करून दाखवणार. आणि अथर्व, मीही हसायचे. कारण मलाही ते खरंच वाटत होतं. इतकी वर्षं रस्त्यात गाडी दिसली की माझा डावा पाय चोरट्यासारखा मागे सरकायचा. पुन्हा कुठल्याही गाडीच्या त्या सीटवर मी बसले नाही. हरसूल सुटलं. नर्सरी म्हणजे फाटकाशी तुळशीची आणि गुलाबाची रोपं, एवढीच उरली.

आता गोरक्षचं सांगते, ट्रक दाखवायला आणलेल्या मिस्त्रीचं. हा गोरक्ष आखातात असल्याच गाड्या खोलून आलाय. डोळ्यांवर गॉगल, तोंडाचा पट्टा अखंड, आणि स्वतःची तारीफ तर काय सांगू. पण काम नीट करतो. आधी इंजिन चालू ठेवून, गरम करून तेल बघितलं, म्हणाला, “बंद गाडीत बघतात सगळे, तिथंच चुकतात.” मग दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी तपासली, ती ठीक होती. मग गिअरबॉक्सखालचं तेलाचं तबक उघडलं. तळाशी पितळेचा चुरा, सोन्यासारखा चमकणारा. त्यावर त्याने गॉगल काढला. दोन दिवसांनी गिअरबॉक्स उतरवून खोलला आणि आम्हा दोघांना बोलावलं. गिअरबॉक्सच्या आत असतात त्या क्लचच्या प्लेटा दाखवल्या. दोन पायांनी चालवून जाळला असता तर आधी त्या जळाल्या असत्या. त्या चांगल्या होत्या. मागच्या बाजूची पितळी बुशं मात्र झिजली होती आणि बारके गिअर तापून निळे पडले होते.

“ही गाडी टोचन करून आणली होती का कुठून?” त्याने विचारलं. “इंजिन बंद असलं की तेलाचा पंप बंद. चाकं फिरतात, आत तेल नाय. ऑटोमॅटिक ओढायची तर लहान दांडा पण न्यूट्रल लागतो. आपल्याकडं कुणाला म्हाईत नसतं, मोठा तेवढा न्यूट्रल करतात आन् खेचतात.”

बाबा लगेच म्हणाले, “नाही. कधीच नाही.”

अथर्व, मी तिथे उभी होते आणि मला एकदम आपलं परस दिसलं. तुझ्या शाळेचे पांढरे शर्ट ज्या दोरीवर वाळायचे ती दोरी. पिवळी. अजून तीच आहे, आज सकाळीच तिच्यावर बाबांचा पायजमा घातला मी.

संध्याकाळी विचारलं. पेपर खाली न करता म्हणाले, त्र्यंबकला डिझेलमध्ये कचरा आला, गाडी बंद पडली, धक्का मारून सुरू होईना, तेव्हा एका जीपवाल्याने नाशिकपर्यंत ओढून आणली, इथे रात्रीच कचरा काढून सुरू केली. मला काय माहीत ओढायची नसते? बरोबर आहे. नव्हतंच माहीत, कुणालाच नसतं, त्याचा मला राग नाही. मी म्हटलं, पण भाजीबाजारातल्या त्या मिस्त्रीने विचारलं असेल की. तर म्हणाले, “विचारलं होतं. एवढी माणसं जमली होती, लतिका. तेव्हा काय सांगणार?” आणि पान उलटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीची गोष्ट सणासुदीला रंगवून सांगायची! पहिल्या दिवशी लाज वाटली असेल, मान्य. पण पुढे? प्रत्येक दसऱ्याला माळ घालताना समोर मी उभी असायचे. माझं हसणं त्यांना ऐकू येत होतं ना? आज मला त्यांची कीव येत नाही, प्रेमही येत नाही. स्वयंपाक करते, वाढते, एवढंच.

गोरक्षने भंगारातल्या तसल्याच गाडीचा गिअरबॉक्स मिळवून बसवला. परवा मी एकटी हरसूलच्या वाटेला लागले. पहिल्या चढाला लहान दांडा पुढे ढकलला, डावा पाय जागेवर राहिला. फुलाबाई आता वाकलीय. तिने आधी गाडीला ओळखलं आणि मग मला. तिच्या बांधावर माझी कलमं आहेत, आंबे धरतात म्हणे. मी खाल्लेले नाहीत.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते. गेल्या आठवड्यात आपण बोलत असताना माझ्या सूनबाईने, तेजश्रीने, तुझी नवी गाडी शिकायचा विषय काढला आणि तू फोनवरच मोठ्याने म्हणालास, नको गं बाई, आमच्या घरात बायकांनी गाडी जाळायची पद्धत आहे. अगदी बाबांच्या आवाजात. तिने विषय बदलला, ते मला इकडे ऐकू आलं. रविवारी बाबांची साठीशांत आहे. जेवणं झाली की कुणीतरी ट्रकचा विषय काढेल, तो आता अंगणात धुऊनपुसून उभा असेल ना, आणि बाबा पुन्हा तोच किस्सा सांगतील. मी त्यांना ओळखते, सांगतीलच. तू त्यांना काही विचार असं मी म्हणत नाही. त्यांचा दिवस आहे. तू फक्त हसू नकोस. सगळे हसतील तेव्हा तेजश्री दुसऱ्या कुणाकडे बघणार नाही, तुझ्या तोंडाकडे बघेल.

तुझीच,
आई