ज्याने ओतलं, त्याने सांगावं

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बार चालवणे, राहणार त्याच बारच्या वरच्या मजल्यावर, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे व माणसांचे काय व्हावे हे आज लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांचे मत वेगळे आहे, पण या कामाला डोकं लागतं, हृदय थोडं कमीजास्त असलं तरी भागतं, असं वकीलबाई म्हणाल्या. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मी कोणत्याही मादक पदार्थाच्या अमलाखाली नाही. हे वाक्य वकीलबाईंनी घालायला लावलं. जन्मभर दुसऱ्यांना पाजली, स्वतः थेंब घेतला नाही, आणि हे मलाच लिहून द्यावं लागतंय!

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केलं होतं म्हणून कोणी कागद नाचवत आलं, आणि आलेच तर माझे दीरच येतील, तर त्यांना चहा द्यावा आणि वाटेला लावावं.

आता ही घाई कशासाठी, ते आधी सांगते, नाहीतर पुढची कलमं कोणाला कळायची नाहीत.

गेल्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी डोळ्याला पट्टी बांधून दवाखान्यात पडले होते. त्या संध्याकाळी बारमध्ये दोघे होते. एक आमचे मास्तर, म्हणजे काउंटर सांभाळणारे. गृहपाठ मागावा तसं ते येणाऱ्या प्रत्येकाकडे वयाचं कार्ड मागतात, म्हणून गिऱ्हाइकांनी त्यांना हे नाव ठेवलं. दुसरा माझा मुलगा, ज्याला सगळे राजे म्हणतात आणि जो तसाच वागतो. परीक्षा संपली म्हणून चार पोरंपोरी आली. त्यातली एक मुलगी सतरा वर्षांची. त्यांना दारू दिली गेली. परत जाताना त्या मुलीची स्कूटर वळणावर दुभाजकाला धडकली आणि तिच्या गुडघ्याचा चुरा झाला.

बारला सील लागलं. खटला उभा राहिला. आरोपी दोन: परवाना माझ्या नावावर म्हणून मी, आणि काउंटरवर नेमलेला माणूस म्हणून मास्तर. माझ्या चिरंजीवांचं नाव कुठेही नाही. त्यांनी जबाब दिला की आपण वरच्या मजल्यावर टीव्ही बघत होतो, ओतलं ते मास्तरांनी.

मास्तर म्हणतात, "बाई, मी कार्ड मागितलं, त्यांच्याकडे नव्हतं, मी नाही म्हटलं. राजे म्हणाले, माझ्या ओळखीची आहेत, तुम्ही जेवून या. मी जेवून आलो तर पेले त्यांच्या हातात." हे त्यांनी पोलिसांना सांगितलं, कोर्टालाही सांगितलं. कोणी हिंग लावून विचारलं नाही. बाकीच्या पोरांच्या आईबापांनी त्यांची तोंडं बंद करून टाकली आहेत.

मी मेले की माझ्यापुरता खटला संपतो. मग उरतात एकटे मास्तर, आणि समोर माझा मुलगा, गोड बोलणारा, इस्त्रीच्या शर्टातला. मास्तरांना तुरुंग होईल. मी आहे तोवर निदान त्यांच्या शेजारी बाकावर कोणीतरी बसलेलं असतं. म्हणून हा कागद.

कलम १. राहते घर, त्यातील भांडीकुंडी, कपाट व माझे दागिने माझ्या मुलीस द्यावेत. तिने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, आणि याचा मला फार राग येतो. आठवड्यातून एकदा फोन करते आणि "जेवलीस का?" विचारते. जेवले की नाही हे सोडून आयुष्यात दुसरंही काही असतं, हे तिला सांगायचं राहून गेलं. सोफा मात्र तिने नेऊ नये, त्याच्या स्प्रिंगा गेल्या आहेत.

कलम २. बँकेतील ठेवीतून प्रथम मास्तरांच्या वकिलाचा खर्च भागवावा. उरेल ते मुलीस द्यावे. यावर माझ्या दिरांनी तोंड घालू नये. आमचे हे वारले तेव्हा "बाईमाणसाला बार झेपणार नाही" म्हणत ते परवाना स्वतःच्या नावावर करायला निघाले होते. मला सगळं झेपलं. झेपला नाही तो फक्त माझाच मुलगा. काउंटरमागे टांगलेली "अल्पवयीन व्यक्तींना मद्य दिले जाणार नाही" ही पाटी दिरांना द्यावी. मास्तरांनी एकदा त्यांच्याकडेही कार्ड मागितलं होतं. तेव्हा त्यांचं पार टक्कल पडलेलं होतं. तो अपमान ते अजून विसरलेले नाहीत.

कलम ३. काउंटरवरील स्टीलचे दारू मोजण्याचे माप मास्तरांस द्यावे. वस्तू फुटकळ आहे, पण मला सगळं त्याच्यावरूनच उलगडलं. दवाखान्याच्या कागदात लिहिलंय की त्या स्कूटरवाल्या मुलीच्या पोटात भरमसाट दारू गेली होती. त्या पोरांनी पैसे मात्र प्रत्येकी दोनच पेल्यांचे दिले होते. मास्तरांच्या हातच्या दोन पेल्यांत माणसाला इतकी चढणं शक्य नाही, कारण ते मापाशिवाय थेंब ओतत नाहीत. ओळखीच्यालासुद्धा नाही. मला स्वतःला त्यांच्या या चिकटपणाचा किती वैताग यायचा! गर्दी ताटकळत उभी, आणि हे माप डोळ्यांसमोर धरून बघतायत. माझा मुलगा मात्र मनाला येईल तसं ओततो. लहानपणी सरबतही असंच करायचा, अर्धा डबा साखर घालून. कागद वाचला तेव्हाच मला कळून चुकलं, आणि त्या दिवशी मी जेवले नाही.

कलम ४. खिडकीजवळची खुर्ची त्या मुलीच्या वडिलांस द्यावी. पंधरा वर्षं ते त्याच खुर्चीवर बसले. मास्तर पोरांकडे कार्ड मागायचे तेव्हा हेच हसायचे, "काय हो मास्तर, वय विचारताय, स्थळ बघताय का?" सगळ्या टेबलांवर हशा पिकायचा. आता ते कोर्टात उभे राहून मास्तरांकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, ह्या माणसाने माझ्या पोरीचं वाटोळं केलं. पोरीसाठी त्यांचा जीव तुटतो, हे मला दिसतं. पण त्या हशाचं काय? खुर्ची घरी नेऊन त्यांनी तिच्यावर बसावं आणि जरा आठवावं.

कलम ५. बारची जागा. परवाना मृत्युपत्राने देता येत नाही, हे वकीलबाईंनी मला तीनदा सांगितलं, मला ऐकू येतं. जागा मात्र माझी आहे. ती मी माझ्या मुलास देत आहे, पण एका अटीवर. त्याने कोर्टात उभे राहून, त्या संध्याकाळी कोणी ओतले ते स्वतःच्या तोंडाने सांगावे. निकाल लागेपर्यंत त्याने हे न केल्यास जागा विकून सर्व रक्कम मास्तरांस द्यावी.

हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे. तो म्हणाला, "आई, तू माझ्या गळ्यात दोर अडकवतेयस."

मी म्हटलं, "मग मास्तरांच्या गळ्यात काय आहे, हार?"

"त्यांच्यामागे कोण आहे गं रडायला? एकटा जीव. मला दोन मुलं आहेत."

"म्हणून त्यांनी आत जायचं?"

"अगं, चार पोरं मजा करत होती. सगळीकडे देतात. एवढं काय त्यात?"

एवढं काय त्यात! हे वाक्य मी त्याच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलेय. शाळेची काच फोडली, एवढं काय त्यात. बापाची गाडी न विचारता नेली, एवढं काय त्यात. दरवेळी कोणीतरी दुसऱ्याने निस्तरलं, आणि बऱ्याचदा मास्तरांनीच. काचेचे पैसेसुद्धा तेच शाळेत देऊन आले होते.

राजा, तुला शिक्षा होईल हे मला कळत नाही, असं समजू नकोस. रात्र रात्र माझा डोळा लागत नाही. तू आत असशील आणि मी वर गेलेली असेन, डबा घेऊन कोण येणार तुला भेटायला, हाच विचार येतो. तुझ्यावर माझा जीव आहे. पण तुझ्यासाठी मी मास्तरांना बळी देणार नाही. तू हे कबूल केलंस तर जागा तुझी, आणि बाहेर आल्यावर तिथे काय करायचं ते कर. कपडे वीक, वह्या वीक. दारूचा परवाना तुला कोणी देणार नाही, आणि देऊही नये.

कलम ६. ~~त्या मुलीच्या गुडघ्याच्या दुसऱ्या ऑपरेशनसाठी माझ्या ठेवीतून लागेल ती रक्कम द्यावी.~~

हे कलम खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. का खोडले ते लिहिते.

गेल्या आठवड्यात दुपारी ती मुलगी काठी टेकत बारमध्ये आली. सील निघालंय, पण बार अजून बंदच आहे. मी आणि मास्तर पेले पुसत होतो. ती दारातच उभी राहून म्हणाली, "काकू, मी आता अठराची झाले. आता माझ्या वतीने बाबांना बोलता येणार नाही." मग म्हणाली, "ह्यांनी आम्हाला नाही म्हटलं होतं. दिली ती तुमच्या मुलाने. हे मी कोर्टात सांगेन. बाबा मला घरात ठेवतील का, माहीत नाही." मास्तर पेला पुसतच राहिले, कोरडा झाला तरी.

मी त्याच संध्याकाळी कलम सहा लिहिलं. आज सगळा कागद तयार झाला, सहीसाठी साक्षीदार हवे होते, आणि आजही आलेली ती मुलगी म्हणाली, "मी करते." तेव्हा वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून एक पैसाही मिळत नाही. हिने सही केली तर ऑपरेशनचे पैसे गेले. सही केली नाही तर पैसे मिळतील, पण मग समोरचा वकील म्हणेल की म्हातारीने पैसे चारून पोरीची साक्ष विकत घेतली. काय कायदा आहे! ज्याने ओतलं तो मोकळा, आणि जिचा गुडघा गेला तिलाच निवड करायला सांगतो.

वकीलबाईंनी आणखी एक सांगितलं. माझ्या मुलाने या कागदाला आव्हान दिलं, तर तो खरा की खोटा हे ठरवायला कोर्ट आधी साक्षीदारांना बोलावेल. म्हणजे जागा सोडवायला तो गेला, तर त्याच्यासमोर ही मुलगी उभी राहणार.

मी तिला म्हटलं, "बाळ, घरी जा. चार दिवस विचार कर. गुडघा तुझा आहे, पैसे घे. मी दुसरं कोणीतरी बघते."

ती म्हणाली, "खोडा ते. सही कुठे करू?"

मी खोडलं. पट्टी न लावता खोडलं, म्हणून रेघ वाकडी आली आहे. त्यावर कोणी शंका घेऊ नये.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम वकीलबाईंकडे सोपवत आहे. सर्व मजकूर मी वाचला असून तो माझाच आहे, रागासकट.

(सही) बारची मालकीण

आमच्या देखत मालकीणबाईंनी सही केली व त्यांच्या देखत आम्ही केली:

साक्षीदार १: (सही) डॉक्टर, हृदयाचे. बाईंचे डोके ठिकाणावर असल्याची खात्री केली आहे.

साक्षीदार २: (सही) गुडघा मोडलेली मुलगी. वय अठरा पूर्ण. सही करण्यापूर्वी मास्तरांनी ओळखपत्र मागितले, दोन्ही बाजूंनी पाहिले, उजेडात धरले, आणि मगच पेन दिले.

ठिकाण: बारमधील खिडकीजवळचे टेबल
तारीख: सुनावणीच्या आधीचा सोमवार